आजोबांचा नंबर शोधून ठेवा

मेलबर्न, २७ एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. परवा २५ तारखेला, अ‍ॅन्झॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या पहाटे, शेजारच्या आजींना घेऊन श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स या युद्धस्मारकाला गेले होते. अंधार, गारठा, अफाट गर्दी आणि तरीही सगळं चिडीचूप. आजींच्या कोटाला उजव्या बाजूला त्यांच्या वडिलांची पदकं होती. ज्याची पदकं तो डावीकडे लावतो, वारसाने लावायची ती उजवीकडे.

त्यांचे वडील ऑस्ट्रेलियाच्या ३९व्या पलटणीत साधे शिपाई होते. महिनाभर दर रविवारी आम्ही दोघी त्यांची फाइल वाचतोय. इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांच्या फायली जपून ठेवल्यात. माणूस भरती कधी झाला, बोटीवर कधी चढला, दवाखान्यात कधी गेला, पलटणीत परत कधी हजर झाला, प्रत्येकाची एकेक ओळ. आजींना अक्षर दिसत नाही, मी मोठ्याने वाचते.

पोरगा भरती झाला तेव्हा १८ वर्षांचा. ही पलटण १९४१च्या ऑक्टोबरात उभी राहिली आणि ३ जानेवारी १९४२ला पापुआतल्या पोर्ट मोर्सबीला उतरली. ते मिलिशियातले, म्हणजे देशाच्या रक्षणापुरत्या फौजेतले, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या ताब्याबाहेरच्या मुलखात पाठवायचं नाही असा कायदा होता. पण पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यात होतं, म्हणून पाठवता आलं. परदेशात लढायला स्वतःहून भरती झालेल्या स्वयंसेवक फौजेतले शिपाई त्यांना 'चोको' म्हणत, चॉकलेटचे शिपाई, ऊन लागलं की वितळणारे. कितीतरी महिने बोटींवरचा माल उतरवणं आणि खंदक खणणं यातच गेले. लढाईचं शिक्षण जेमतेम.

जुलैत या पोरांना कोकोडाच्या वाटेवर धाडलं आणि त्याच महिन्यात जपानी फौज पापुआच्या उत्तर किनाऱ्यावर गोनाला उतरली. बाबा, ९६ किलोमीटरची पायवाट, ओवेन स्टॅनली डोंगररांगेतून. आपला महाबळेश्वरचा पाऊस डोळ्यांपुढे आणा आणि त्यात उभा चढ, पायाखाली गुडघाभर चिखल. खायला बुली बीफ, म्हणजे डब्यातलं खारवलेलं गोमांस, आणि दगडासारखी बिस्किटं. कपडे खाकी, म्हणजे हिरव्या रानात लांबून दिसणारे. २९ जुलैला कोकोडाच्या लढाईत त्यांचे कमांडर कर्नल ओवेन पडले. ऑगस्टच्या अखेरीस त्याच वाटेवरच्या इसुरावाला समोरची फौज मोठी होती, तरी कुमक येईपर्यंत ही पोरं हटली नाहीत. मागून स्वयंसेवक फौजेतले आले, तेव्हा आपण ज्यांना चोको म्हणायचो ते काय आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सप्टेंबरात वाटेवरच्याच मेनारीला पलटण नवे कमांडर कर्नल हॉनर यांच्यापुढे उभी राहिली, तेव्हा रांगेत पन्नासच्या आसपास माणसं होती.

जखमींना पापुअन हमालांनी खाली आणलं. एका स्ट्रेचरला आठ जण. आजी म्हणाल्या, वडिलांनी युद्धाबद्दल आयुष्यात फक्त त्या हमालांचंच नाव काढलं, आणि ते काढताना त्यांचा गळा दाटायचा.

फाइलमध्ये यातलं काही नाही. इसुरावाच्या दिवसांवर एक शब्द नाही. सप्टेंबरात 'मलेरिया' आणि दवाखान्याचा नंबर. मग 'पलटणीत हजर'. डिसेंबरात पुन्हा नेलं, या वेळी विमानाने, गोनाला. ९ डिसेंबरला गोना पडलं. १९४३च्या जुलैत पलटणच मोडली आणि उरलेली माणसं दुसरीकडे वाटली. वाचताना आजी 'पलटणीत हजर' या ओळीवर दर वेळी थांबवतात. तापातून उठलेल्या २० वर्षांच्याही आतल्या पोराला पुन्हा तिकडे पाठवलं, हे त्यांना अजून सोसत नाही. मलाही.

आणि तेव्हा मला आपले आजोबा आठवले. मराठा पलटणीतून इटलीला गेले होते, एवढंच मला माहीत. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंत घाडगे यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबा मात्र डाळ-भात जेवताना ताट कधी उष्टं टाकायचे नाहीत, पावसात दारात बसून राहायचे, यापलीकडे मला काही सांगता येत नाही. आजींनी विचारलं, तुझे आजोबा कुठल्या बटालियनमध्ये होते? मला उत्तर देता आलं नाही. फार लागलं ते.

बाबा, माळ्यावरची काळी ट्रंक उतरवा. एकट्याने चढू नका, शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. आजोबांच्या डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरचा त्यांचा फौजेतला नंबर लिहून घ्या. त्याच्या आधारे बेळगावच्या मराठा पलटणीच्या सेंटरला पत्र टाकता येईल. फोटो सापडले तर मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, तिथे गावाचं नाव असतं कधीकधी.

आई, आजीने तुला जे सांगितलं असेल ते तू मला सांग. आजोबा इटलीत असताना आजीला पत्र कोण वाचून दाखवायचं, पैसे कसे यायचे, परत आले त्या दिवशी ती काय करत होती. रविवारी फोन करते तेव्हा वही घेऊन बसेन.

तुझ्या गुडघ्याचं तेल कुरियरने येतंय. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चुकवू नका.

तुमची,
सुमी