सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षक ताईंना, ज्येष्ठ स्वयंसेवकांकडून

सांगली

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त माणसाला ‘घरी बसून काय करता, जरा समाजसेवा करा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. कोणता वार जमेल, गुडघे कसे आहेत, गोळ्या कोणत्या चालू आहेत, ऐकायला कितपत येतं, हे तुम्ही आधी विचारलंत आणि मगच काम दिलंत. त्या विचारपुशीसाठी हे आभारपत्र. ते सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण जिल्ह्यातल्या इतर ज्येष्ठ नागरिक संघांनाही तुमची पद्धत कळायला हवी.

तुमचा पहिला नियम वेळेचा. आठवड्यातून एक दिवस, दोन तास. सुरुवातीचे तीन महिने त्याहून जास्त नाही. उत्साहाच्या भरात रोज येणाऱ्याचे पाय सुजतात, घरचे कुरकुरतात, आणि तो महिन्याभरात येणं बंद करतो. एकदा खंड पडला की संकोचापोटी परत फिरकत नाही. दोन तास हा आकडा हवेतला नाही, हेही तुम्ही समजावलंत. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास १३ हजार लोकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला किमान १०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, चालण्या-फिरण्यावर बंधनं कमी आली आणि उमेद जास्त टिकली. मात्र मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांत फरक आढळला नाही. त्याआधी २०१३ च्या एका अभ्यासात वर्षाला २०० तास काम करणाऱ्यांना नव्याने रक्तदाब जडण्याची शक्यता कमी दिसली होती. दोन्ही निष्कर्ष तुम्ही आमच्यापुढे जसेच्या तसे ठेवलेत. धडधाकट माणूसच मुळात घराबाहेर पडतो, त्यामुळे सगळं श्रेय सेवेला देता येत नाही, हेही बजावलंत. ‘बीपीची गोळी सुटेल’ असं गाजर कोणालाच दाखवलं नाहीत, म्हणून तुमच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसला.

दुसरा नियम कामाच्या निवडीचा. ज्येष्ठांना चहा वाटायला किंवा सत्काराच्या खुर्चीवर बसवायचं, ही आपल्याकडची सवय. त्यात डोक्याला काही चालना नाही आणि माणूस आला नाही तरी कोणाचं अडत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या लोकांना प्राथमिक शाळांतल्या मुलांसोबत आठवड्याला १५ तास काम दिलं होतं. दोन वर्षांनी त्यांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले, तेव्हा स्मरणशक्तीशी निगडित भागात, विशेषतः पुरुषांमध्ये, चांगला फरक दिसला. तिथे पाठ घ्यायचा, मुलांची नावं लक्षात ठेवायची, अडलेला शब्द सोडवायचा, जोडीदाराशी जुळवून घ्यायचं. तुम्ही दिलेलं केसपेपरच्या रांगेजवळचं टेबल याच जातीचं काम आहे. आलेल्या माणसाला काय होतंय ते ऐकायचं, कोणती ओपीडी आणि कोणता मजला ते सांगायचं, रेशनकार्ड आणि आधार सोबत आहे का ते विचारून मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे पाठवायचं. जतच्या पूर्व भागातून किंवा अथणीकडून आलेल्या आजींशी कन्नडमध्ये बोलणारं कोणी त्या टेबलावर असलं, की त्यांची अर्धी धास्ती तिथेच जाते. नोकरीत हुद्दा काय होता, याला तिथे महत्त्व नाही. साहेबी थाटाची सवय असलेल्यांना पहिला महिना जोडीदाराबरोबर बसून फक्त ऐकायला लावायचं, हे तुमचं धोरण आम्हाला फार पटलं.

शरीराच्या बाबतीत तुम्ही जितकं बारीक पाहिलंत, तितकं क्वचितच कोणी पाहतं. खुर्ची हातांची हवी, कारण बिनहातांच्या खुर्चीतून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. टेबल पंख्याखाली किंवा गोंगाटात नको, पाठीशी भिंत हवी. कमी ऐकू येणाऱ्याला चारही बाजूंच्या आवाजात समोरच्याचे शब्द निवडता येत नाहीत, मग तो चुकीच्या खोलीत पाठवतो आणि स्वतःच खचतो. सकाळी लघवीची गोळी घेणाऱ्यांना स्वच्छतागृहाजवळची जागा. मधुमेह असणाऱ्याने न्याहारी करूनच यायचं, खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवायची. घाम, थरथर, गोंधळ जाणवला की ती घ्यायची, १५ मिनिटांनी साखर तपासायची आणि लगेच नर्सला सांगायचं. स्ट्रेचर ढकलायचं नाही, रुग्णाला उचलायचं नाही, उतारावर चाकाची खुर्ची एकट्याने धरायची नाही. क्षयरोगाच्या विभागात ड्युटी नाही. मास्क आणि साबणाने २० सेकंद हात धुणं सक्तीचं.

काय करायचं नाही, याची यादीही तितकीच मोलाची ठरली. औषध सुचवायचं नाही, रुग्णाचे पैसे हातात घ्यायचे नाहीत, संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, कोणाचा आजार गल्लीत बोलायचा नाही. पहिला मोह सगळ्यांत अवघड, कारण आपल्या वयाच्या प्रत्येकाकडे गुडघेदुखीवर एक हमखास उपाय असतो.

ज्यांना जिना उतरणंही जमत नाही, त्यांना तुम्ही बाजूला ठेवलं नाहीत, याबद्दल तर विशेष आभार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीने काय पाहिलं, ते वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट भागात पाणी लवकर शिरतं. तुम्ही आखलेल्या फोनसाखळीत घरबसल्या एकाकडे आठ घरं. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराची नोंद: एकटं कोण राहतं, इन्सुलिन कोणाला, डायलिसिसचा वार कोणता, न्यायला येणारा नातेवाईक कोण. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागलं की फोन सुरू. औषधं निदान १५ दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत. वीज गेली तर वापरात असलेलं इन्सुलिन माठाजवळच्या गार जागी ठेवायचं; ३० अंशांखाली ते साधारण चार आठवडे टिकतं. चिठ्ठीवरचा नंबर वाचता यावा म्हणून अक्षर मोठं, काळ्या शाईत. दुपारी फोन यायचा म्हणून कोणीतरी वाट पाहतंय, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केवढं बळ देतं, ते औषधाच्या कागदावर लिहून मिळत नाही.

आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्याला तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. त्या घरात सेवा आधीच चालू असते, हे तुम्हाला न सांगता समजलं. प्रत्येक ड्युटीला बदली माणूस ठरवून ठेवलात, त्यामुळे तब्येत बिघडली तर ‘आज नाही जमत’ म्हणताना कोणाला अपराधी वाटत नाही. महिन्याच्या शेवटी पंधरा मिनिटं बसवून, किती जणांना योग्य खिडकी मिळाली आणि कुठे गोंधळ झाला, ते सांगता. काम कोणाच्या उपयोगी पडलं हे कळलं नाही तर माणूस चौथ्या महिन्यात गळतो.

ताई, ड्युटीचा तक्ता, न करायच्या गोष्टींची यादी आणि फोनसाखळीचा नमुना तासगाव आणि विट्याच्या मंडळींनी मागितला आहे. ६५ ते ७५ वयाला एसटीत अर्धं तिकीट आणि ७५ पुढे मोफत प्रवास असल्याने त्यांच्यातले काही जण एक दिवस इथे येऊन टेबलाचं काम पाहायलाही तयार आहेत. कोणता वार सोयीचा पडेल आणि कागद पाठवायला तुमची परवानगी आहे का, तेवढं कळवावं.

आपले,
ज्येष्ठ स्वयंसेवक, सांगली