वायनरी ट्रिप : शनिवारपर्यंत नावं द्या

मंडळी, फेब्रुवारीतल्या ट्रिपचं ज्यांनी अजून हो-नाही कळवलं नाही त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका, बस बुक करायचीय. फेब्रुवारीच का तर तेव्हा द्राक्षाची तोडणी चालू असते, एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेत नुसत्या काड्या. आधी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली वायनरी, तिथं इटलीचं सांजोवेझे द्राक्ष वेलीवर बघायला मिळतं, मग नाशिक. गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क या दोन वायनरी जवळजवळच आहेत पण संध्याकाळ यॉर्कलाच ठेवूया, धरणाच्या पाण्यावर सूर्य मावळताना दिसतो, खरंच बघण्यासारखं. दिवसाला दोनच वायनरी, जास्त केल्या की चव कळत नाही. 21 च्या आतल्यांना टेस्टिंग नाही. पोटभर खाऊन या, परफ्यूम मारू नका, वाईनचा वास झाकला जातो. आणि ड्रायव्हरदादांना कुणीही आग्रह करायचा नाही.