लघवीतील आरएनए तपासणी: नमुना जपा

महोदय,
सांगली-मिरजेत प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) तपासणीला येणाऱ्यांत ‘पीएसए वाढले म्हणजे कॅन्सरच’ अशी धास्ती दिसते. ती चुकीची आहे. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये बनणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन. वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली तरी पीएसए वाढते. पीसीए३ हा प्रथिन न बनवणारा लांब आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल) मात्र प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींत भरमसाट तयार होतो आणि लघवीत सापडतो. अमेरिकेत २०१२ मध्ये लघवीतील पीसीए३ मोजण्याच्या चाचणीला मान्यता मिळाली, तीही मर्यादित: वय पन्नाशीपुढे, आधीच्या बायोप्सीत कर्करोग नाही, आता पुन्हा करायची का, एवढेच ठरवायला.

खरी गोम नमुन्यात आहे. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा दाबल्यावर येणारी पहिली २० ते ३० मिलि लघवीच घ्यावी. न दाबता घेतली तर पेशी पुरेशा उतरत नाहीत. आरएनए फार लवकर तुटतो. नमुना बर्फावर ठेवून चार तासांत संरक्षक द्रावणात मिसळायलाच हवा. एप्रिल-मेच्या उन्हात जत-आटपाडीहून साध्या बाटलीत धाडलेला नमुना वाया गेलाच समजा. पीएसएचा आरएनए ही प्रोस्टेटच्या पेशी नमुन्यात उतरल्याची खूण; तोही पुरेसा न सापडल्यास अहवालात ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘नमुना अपुरा’ असेच लिहावे. पीसीए३ व पीएसए यांच्या आरएनएच्या प्रमाणावरून काढलेला गुणांक २५ च्या खाली, म्हणजे कर्करोगाची शक्यता कमी दाखवणारा, असला तरी पाठपुरावा सोडू नये.

– एक निदानतज्ज्ञ, विश्रामबाग, सांगली