पाणी वर होते की खाली?

संपादक महोदय,

प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपदेशाजवळ जानेवारी 2022 मध्ये झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकावरचा लेख आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, पण ‘तप्त शिलारसावर पाणी पडताच स्फोट होतो’ हे वाक्य खटकले. तसे असते तर हवाईत समुद्रात उतरणाऱ्या लाव्ह्याने रोजच किनारा उडवला असता. तिथे बहुतेक वेळा वाफेचे लोट उठतात, इतकेच.

मी ओतशाळेत भट्टीवर फोरमन होतो. वितळलेल्या धातूच्या रसावर वरून थोडे पाणी उडाले तर ते चरचरते, नाचते आणि निघून जाते, कारण मध्ये वाफेचा पातळ थर येतो आणि तोच आच अडवतो. आम्ही घाबरायचो ते ओल्या भंगाराला आणि नीट न तापवलेल्या लॅडलला, म्हणजे रस ओतायच्या पात्राला. ओल रसाखाली अडकली की संपले! पाण्याची वाफ होताना आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसते.

अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला म्हणूनच ओळखीचे वाटले. त्यांनी बेसाल्ट खडक वितळवून सुमारे 55 किलो रस पात्रात ओतला आणि पाणी त्याच्या आत सोडले. त्याआधी खऱ्या खडकाच्या रसावरचे प्रयोग अर्ध्या किलोच्या आतबाहेर चालत. पाणी जोरात शिरले आणि वर रसाचा थर सुमारे 30 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असला, की स्फोट जोरदार होई. काही वेळा वरून हातोड्याचा दणका देऊन तो घडवला गेला. दणक्याने वाफेचा थर मोडतो, पाणी थेट रसाला भिडते, रसाचे बारीक तुकडे होतात, तापलेला पृष्ठभाग वाढतो आणि पुढचे पाणी आणखी वेगाने उकळते. सगळे क्षणार्धात. ज्वालामुखीपुढे 55 किलो म्हणजे काहीच नाही, हे खरे. पण धगधगत्या विवराच्या तळाशी मोजमाप करायला जाणार कोण?

आइसलँडजवळचे सुर्त्से बेट तर स्फोटांमागे पाणी असते, याचा उघड पुरावा आहे. नोव्हेंबर 1963 मध्ये ते समुद्रातून स्फोट करत वर आले. एप्रिल 1964 मध्ये विवरापर्यंत समुद्राचे पाणी पोहोचेनासे झाले आणि लाव्हा शांतपणे वाहू लागला.

लेखासोबतच्या आकृतीत पाण्याचा बाण वरून खाली काढला आहे. पुढच्या वेळी तो शिलारसाच्या आत शिरताना दाखवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फोरमन