कवितेची ओळ मोडू नका

महोदय,

आमच्या गावातल्या एका स्मरणिकेत सातवीतल्या मुलीची कविता छापून आली. तिने वहीत लिहिलं होतं, ‘आई विहिरीत डोकावते’. त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. मग एकटाच शब्द, ‘पाणी’. पुन्हा कोरी जागा आणि अगदी तळाशी, ‘खूप खाली’. छापताना जागा वाचवायला हे सगळं एका ओळीत बसवलं. शब्द तेच राहिले, पण विहीर बुजली. ती मुलगी अंक हातात घेऊन गप्प बसली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

ओळ कुठे थांबते, याला महत्त्व असणं आपल्याकडे नवं नाही. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ हा तुकोबांचा अभंग घ्या. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा फक्त चार. ‘विटेवरी’ला ‘कटावरी’चं यमक भेटतं आणि लगेच चरण आखूड होतो. त्या उरलेल्या दोन अक्षरांच्या जागेत नजर विठ्ठलाच्या मूर्तीवर ठरते, निदान माझी तरी. चरण सलग गद्यासारखे छापले की हा थांबा वाचणाऱ्याला दिसतच नाही. मुक्तछंदात तर यमकाचाही आधार नसतो, तिथे ओळ आणि कोरी जागा हाच कवीचा श्वास.

आपल्या पुरवणीत कविता छापताना जागा कमी पडली, तर कृपया एक कविता कमी घ्या. आणि मांडणी झाल्यावर पान एकदा कवीला दाखवा.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा