माकडाच्या घशात खोट नाही

महोदय,

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की सांगली-मिरजेच्या शाळांतून एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे चिंपांझी, उजवीकडे माणूस, दोघांचे घसे उभे कापून दाखवलेले आणि खाली ओळ : 'स्वरयंत्र खाली सरकले म्हणून माणूस बोलू लागला'. भाषेच्या उगमावरील लेखांतही ही ओळ फिरत असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ फिलिप लिबरमन यांनी 1969 मध्ये हा विचार मांडला तेव्हा तो वाजवी होता. आता तक्ता बदलायला हवा.

स्वरयंत्र खाली असते, एवढे खरे. तान्ह्या बाळात ते उंचावर असते, पहिल्या तीन-चार वर्षांत बरेच उतरते. घास आणि श्वास यांची वाट काही अंतर एकच झाल्याने आपल्याला ठसका लागतो तो असा. पण 2001 मध्ये युरोपातील लाल हरणांतही उतरलेले स्वरयंत्र आढळले. माजावर आलेला नर ओरडताना ते थेट छातीच्या हाडाकडे ओढतो. आवाज जाड होतो, अंग मोठे भासते. भाषेचा तिथे काही संबंध नाही. पुढे 2016 मध्ये मॅकाक माकडाचे (आपल्या लालतोंड्याच्या भाऊबंदाचे) खाताना, ओरडताना एक्स-रे चित्रण करून त्याच्या घशाचे आकार मोजले आणि त्यांतून निघू शकणारे ध्वनी संगणकावर काढले. वेगवेगळे ओळखू येतील असे पाच स्वर त्यात बसतात. माकड बोलत नाही ते घशामुळे नव्हे.

अडते मेंदूपाशी. माणसात मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) निघणारे काही तंतू स्वरयंत्र हलवणाऱ्या केंद्रापर्यंत सरळ पोचतात. माकडात ही थेट जोडणी जवळपास नाहीच. म्हणून त्याची आरोळी भीतीने किंवा रागाने सुटते, ऐकून शिकलेली नसते. उलट पोपट बघा. त्याला आपल्यासारखे स्वरतंतू नाहीत, आवाज श्वासनळीच्या तळाशी निघतो, तरी 'विठू विठू' म्हणतो. ऐकलेले आवाजात उतरवणारी जोडणी त्याच्या मेंदूत आहे.

फॉक्स-पी-2 ला 'भाषेचे जनुक' म्हणणेही थांबावे. लंडनच्या एका कुटुंबात त्यातल्या बिघाडामुळे तोंडाच्या हालचालींचा क्रम लावणे जड जाते, हे 2001 मध्ये कळले. पण हे जनुक उंदरातही आहे, आणि आपल्यातला त्याचा खास बदल 2007 मध्ये निअँडर्थालातही (नामशेष झालेल्या आपल्या मानवी भाऊबंदातही) सापडला. इस्रायलच्या केबारा गुहेतले सुमारे 60,000 वर्षांपूर्वीचे निअँडर्थालचे कंठास्थीही (जिभेच्या मुळाशी असणारे हाड) आपल्यासारखेच. मात्र ते मानेत किती उंचीवर होते, हे सुट्या हाडावरून सांगता येत नाही.

तक्त्याऐवजी मुलांनी पीव्हीसीचा घसा करावा. अर्धा इंची पाइपचा 9 सेंमी तुकडा, त्यापुढे सव्वा इंचीचा 8 सेंमी : हा 'आ'. मागे सव्वा इंची 9 सेंमी, पुढे अर्धा इंची 6 सेंमी : हा 'ई'. मागच्या तोंडाशी पिपाणी बसवून फुंकायचे. 17 सेंमीचा सरळ एकसारखा पाइप लावला तर 'अ'च्या जवळचे काही ऐकू येते, कारण मागून बंद अशी एवढी नळी 500, 1500, 2500 हर्ट्झला घुमते. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा पारखणाऱ्यांना हे नवे नाही : नाद तारेचा, घडण भोपळ्याची.

फसते ते तीन ठिकाणी. जत्रेतली पिपाणी फार चिरकी असते. मूळ सूर 300 हर्ट्झच्या वर गेला की त्याचे वरचे सूर विरळ पडतात आणि 'आ' व 'ई' सारखेच वाटू लागतात. 100 ते 150 हर्ट्झची जाड घरघर हवी. त्यासाठी पिपाणीऐवजी फुग्याच्या रबराचा सैल पडदा लावून पाहावा. दुसरे, पिपाणीभोवती फट राहिली की नळी मागून उघडी ठरते आणि सगळा हिशोब बिघडतो. तिथे मळलेली कणीकही चालते. तिसरे, दोन पाइपांच्या सांध्यात उतरता रिड्यूसर नको, मधोमध भोक पाडलेली जाड पुठ्ठ्याची चकती बरी, कारण आकारातला बदल एकदम व्हायला हवा.

दोन्ही नळ्या एकाच पिपाणीवर आलटून पालटून लावल्या तर फरक सर्वांत स्पष्ट कळतो. आपण बोलताना हीच अदलाबदल तोंडात सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतो.

— भाषाविज्ञानाचे दोन शिक्षक, मिरज (जि. सांगली)