पट्टे रंगवले, पण वाट मोकळी आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या निमित्ताने, अनेक कारखान्यांत जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, कामगारांना शपथ दिली जाते आणि महिना उलटत नाही तोच त्याच पट्ट्यांच्या आत मालाचे बिन, म्हणजे मोठे डबे, उभे राहू लागतात. भोसरी परिसरात बत्तीस वर्षे मशीन शॉपमध्ये काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की गँगवे, म्हणजे पट्ट्यांनी आखलेली ये-जा करण्याची वाट, अडतो तो कामगारांच्या बेफिकिरीमुळे नव्हे, तर दोन मशिनांच्या मधे साचणाऱ्या अर्धवट मालासाठी आराखड्यात जागाच ठेवलेली नसते म्हणून. १९४८च्या कारखाने अधिनियमातील कलम ३२ मध्ये ये-जा करण्याचे मार्ग अडथळ्यांपासून आणि पाय घसरेल अशा पदार्थांपासून मुक्त ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे कायद्याला मोकळी वाट अपेक्षित होती, केवळ आखलेली नव्हे.

माल उचलून नेणारी फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. त्यामुळे वळताना तिचा वजनदार मागचा भाग बाहेरच्या बाजूला झपकन सरकतो. आमच्या शॉपमध्ये एका कोपऱ्यावर पायवाटेत बिन रचलेले असल्यामुळे एक तरुण कंत्राटी कामगार वाहनाच्या मार्गात उतरला आणि त्याचा घोटा चिरडला गेला. चौकशीच्या कागदावर ‘कामगार पट्ट्याबाहेरून चालत होता’ एवढेच लिहिले गेले. बिनांचा उल्लेखही नव्हता. ते वाक्य मला आजही बोचते.

म्हणून पट्टे आखण्यापूर्वी पाळी बदलताना आणि जेवणाच्या सुट्टीत माणसे प्रत्यक्ष कुठून चालतात, हे आठवडाभर पाहावे. फोर्कलिफ्ट वळते त्या कोपऱ्यांवर रंगावर न विसंबता लोखंडी कठडे बसवावेत. तेल आणि कूलंट (मशीनवर काम चालू असताना थंडाव्यासाठी सोडतात ते द्रव) नीट न पुसता मारलेला रंग टिकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्धवट मालासाठी स्वतंत्र चौकोन आखून, तो भरताच आधीचे मशीन थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला लेखी द्यावा. उत्पादन विभागाला हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे; पण त्याच्या संमतीवाचून गँगवे मोकळा राहणे शक्य नाही.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला माझी विनंती आहे, की काही तपासण्या पूर्वसूचना न देता, महिनाअखेरीच्या रात्रपाळीत कराव्यात. माल पाठवण्याची सर्वाधिक घाई तेव्हाच असते.

आपला,
एक निवृत्त फोरमन, भोसरी